अंथरूण कोणी कापले? : प्रवाशाच्या पायांना मिळालेल्या जागेचा इतिहास

१

'अंथरूण पाहून पाय पसरावेत' ही म्हण मराठी माणूस प्रामुख्याने खर्चाच्या संदर्भात वापरतो. मिळकत जेवढी तेवढाच खर्च करावा, असा तिचा व्यावहारिक उपदेश आहे. या उपदेशामागचे तर्कशास्त्र मात्र क्वचितच तपासले जाते. म्हणीत अंथरूण हे दिलेले, स्थिर, जणू निसर्गसिद्ध असते. बदल करायचा तो पायांनी. अंथरूण किती लांबीचे असावे, ते कोणी बेतले, काल ते केवढे होते आणि आज आखूड झाले असेल तर उरलेले कापड कोणाच्या घरी गेले, हे प्रश्न म्हणीच्या कक्षेतच येत नाहीत.

विमानातील स्वस्त वर्गाच्या आसनांविषयी सध्या जी तक्रार ऐकू येते, तिला या म्हणीच्या चौकटीतूनच उत्तर दिले जाते. दोन रांगांमधील अंतर कमी झाले, गुडघे पुढच्या पाठीला टेकतात, पायांशी पिशवी ठेवली की पाय ठेवायला जागा उरत नाही, असे प्रवासी म्हणतो. त्यावर 'तिकीट केवढ्याचे काढले होते?' असा प्रतिप्रश्न येतो. अंथरूण पाहून पाय पसरा. या उत्तरात काही तथ्य आहे, त्याचा विचार पुढे येईलच. परंतु हा वाद विमानाने सुरू झालेला नाही. स्वस्त तिकिटाच्या प्रवाशाला किती जागा द्यायची, त्याच्या गाठोड्याला कोठे ठेवू द्यायचे, हे प्रश्न गेली दीडशे-पावणेदोनशे वर्षे बोटीत, आगगाडीत, एस.टी.त आणि आता विमानात पुन्हा पुन्हा सोडवले, खरे तर बिघडवले, गेले आहेत. हा इतिहास आपल्या कोकणाला विशेष जवळचा आहे, कारण त्यातील निदान एक प्रकरण सिंधुदुर्गाने निवडून दिलेल्या माणसाने लिहिले.

२

आंबोली हे नाव आज धबधबा आणि धुके यांच्याशी जोडले गेले आहे. मूळ आंबोली ही वाटेवरची थांबण्याची जागा. वेंगुर्ले बंदरात उतरलेला माल आणि माणसे बेळगावच्या लष्करी छावणीपर्यंत नेण्यासाठी इंग्रजांनी जो रस्ता वापरला, त्यावरील घाटमाथ्याचा हा टप्पा. सावंतवाडी संस्थानातील ब्रिटिश पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी १८८०च्या सुमारास येथे थंड हवेचे ठिकाण वसवले. म्हणजे गाव प्रसिद्ध झाले ते वाहतुकीमुळे. ओझे घेऊन चढणारी माणसे, बैल आणि गाड्या यांच्या दमण्याच्या हिशेबाने त्याची जागा ठरली.

पायी किंवा बैलगाडीने जाणाऱ्याच्या जागेचा प्रश्न वेगळा होता. वाट अवघड, चोरांची भीती, पावसाळ्यात प्रवास बंद. पण शरीराला किती जागा मिळावी हे कोणी दुसरा ठरवत नव्हता. ओझ्याचे माप खांद्याला ठाऊक असे. विष्णुभट गोडसे १८५७ साली वरसईहून उत्तरेकडे गेले आणि परतताना आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड घेऊन आले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझा प्रवास'मध्ये बंडाच्या धामधुमीइतकीच ही कावड महत्त्वाची आहे. आज ती कावड कोणत्याही विमानाच्या दारात अडवली जाईल. हा विनोद नाही. प्रवासी आणि त्याचे ओझे ही एकच गोष्ट मानणारा प्रवास संपला आणि दोहोंचे वेगवेगळे माप घेणारा प्रवास सुरू झाला, ही आधुनिक वाहतुकीतील मोठी घटना आहे.

किनाऱ्यावरच्या आगबोटींत दोन्ही पद्धती काही काळ शेजारी शेजारी नांदल्या. मुंबईहून दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीकडे जाणाऱ्या बोटींत सामान्य उतारू डेकवर असे. तेथे आसन नव्हते. प्रत्येकाने आपली वळकटी सोडायची आणि ती जेवढी पसरेल तेवढी जागा त्याची. आपली म्हण येथे अक्षरशः खरी होती; फरक एवढाच की अंथरूण उताऱ्याचे स्वतःचे होते. उशाला ट्रंक, पायथ्याशी नारळाचे पोते, मधोमध मुले. गर्दी वाढली की वळकट्या अर्ध्या दुमडल्या जात. बंदरात बोट दूर उभी राही आणि पडावातून माणसे-सामान किनाऱ्याला लागे, तेव्हा पुन्हा थोडी जागा मोकळी होई.

या चित्राला हळवेपणाची झिलई देण्याचे कारण नाही. डेकवरची जागा लवचीक होती म्हणूनच ती कंपनीला हवी तेवढी भरताही येत होती. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट खवळलेल्या समुद्रात कलंडून बुडाली. बोटीवर सुमारे सातशे माणसे होती, त्यांतील सहाशेहून अधिक गेली. लाटांच्या माऱ्यात उतारू एका बाजूला लोटले गेले आणि बोट त्याच बाजूला झुकली, असे या अपघाताचे वर्णन केले जाते. जागेचा प्रश्न सुखसोयीचा असतो तसा जीवनमरणाचाही असतो, हे कोकणाने स्वातंत्र्याच्या चार आठवडे आधी शिकून घेतले.

३

आगगाडीने प्रवाशाची जागा मोजायला सुरुवात केली, आणि मोजणी सुरू होताच कपातही सुरू झाली. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील काही रेल्वे कंपन्यांनी सर्वांत खालच्या वर्गाच्या डब्यांतील बाकेच काढून टाकली होती. बाक नसले म्हणजे जास्त माणसे मावतात, आणि एतद्देशीयांना जमिनीवर बसण्याची सवयच असते, असे त्याचे दुहेरी समर्थन. यातील दुसरा भाग नीट पाहावा. गैरसोयीला संस्कृतीचा आधार देण्याची ही युक्ती पुढेही अनेकदा वापरली गेली.

१९१७ साली महात्मा गांधींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासाविषयी जे लिहिले ते प्रसिद्ध आहे. त्या सप्टेंबरात त्यांनी मुंबई ते मद्रास हा प्रवास केला. डब्यावर २२ उतारूंची पाटी होती, तीही केवळ बसण्यापुरती. दोन रात्री काढायच्या, आणि प्रवासाच्या बऱ्याच भागात आत ३५हून अधिक माणसे होती. काही जण घाणीत जमिनीवर पडलेले, काही उभे. गांधींच्या लेखनाचे बळ रागात नाही, आकड्यांत आहे. २२ आणि ३५ हे दोन आकडे शेजारी ठेवले की वेगळ्या विशेषणांची गरज उरत नाही. आपल्याकडे प्रवासवर्णन हा प्रकार निसर्ग, स्थापत्य आणि माणसांचे नमुने यांत रमला. डब्यातील माणसे मोजणारे गद्य त्यात फार थोडे आहे. पु. ल. देशपांडे यांच्या 'म्हैस'मध्ये एस.टी.चा खच्चून भरलेला संसार दिसतो, पण तेथे गर्दी ही स्वभावदर्शनाची रंगभूमी आहे, तक्रारीचा विषय नाही. हा दोष म्हणून नोंदवत नाही. विनोदाने गर्दीला माणसाळवले, आणि माणसाळलेल्या गोष्टीचा जाब कोणी विचारत नाही, एवढेच सुचवायचे आहे.

कंपन्या असे का करीत असत? 'पैसा वाचवण्यासाठी' हे उत्तर अपुरे आहे. फ्रेंच अभियंता ज्यूल द्यूप्यी याने १८४९ साली एक मार्मिक निरीक्षण नोंदवले होते. त्या वेळी फ्रान्समध्ये काही तिसऱ्या वर्गाच्या डब्यांना छप्पर नसे. छपरासाठी येणारा खर्च किरकोळ होता. तरीही ते घातले जात नव्हते, कारण दुसऱ्या वर्गाचे भाडे देऊ शकणारा माणूस तिसऱ्या वर्गात बसू नये हे कंपनीला साधायचे होते. गरिबाला त्रास देणे हा हेतू नव्हता. सधनाला घाबरवणे हा होता. गरीब मधल्यामध्ये भिजत होता.

द्यूप्यीचा हा विचार हाती ठेवला की पुढचा सारा इतिहास उलगडू लागतो. स्वस्त वर्गाची गैरसोय ही नेहमीच काटकसरीची अपरिहार्य फलश्रुती नसते. पुष्कळदा ती स्वतंत्रपणे तयार केली जाते, कारण महाग वर्ग विकण्यासाठी तिची गरज असते.

४

या विचाराच्या नेमके उलट वागणारा एक मंत्री भारतीय रेल्वेला मिळाला, तो आपल्या भागातून. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे प्रा. मधु दंडवते १९७१ साली राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. नाथ पै यांच्यामागे रिकामी झालेली ही जागा. सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण, आंबोली हा सारा मुलूख तिच्यात येत असे. गंमत अशी की या मतदारसंघात त्या वेळी रेल्वेचा रूळच नव्हता. तेथील मतदार बोटीने आणि एस.टी.ने मुंबईला जात. १९७७ साली जनता सरकारात याच मतदारसंघाचा प्रतिनिधी रेल्वेमंत्री झाला.

तिसरा वर्ग १९७४ सालीच कागदोपत्री रद्द झाला होता. त्याचे नाव दुसरा वर्ग झाले. फळ्या लाकडाच्याच राहिल्या. दंडवते यांनी त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम बसवण्याचा निर्णय घेतला. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई ते हावडा धावू लागलेली गीतांजली एक्स्प्रेस वर्गविहीन होती. तिला पहिला वर्गच नव्हता. पहिल्या वर्गाला खाली ओढायचे नाही, दुसऱ्याला वर उचलायचे आहे, अशी त्यांची भूमिका होती. हळूहळू गादीची शायिका देशभर रूढ झाली. आज शयनयानात झोपणाऱ्या कोणालाही ती मंत्र्याच्या निर्णयाने आली असेल असे वाटत नाही. ती असतेच, असे वाटते. चांगल्या सुधारणेचे हेच भाग्य आणि हेच दुर्दैव.

दोन इंच फोम ही गोष्ट लहान वाटते. तिचा अर्थ लहान नाही. फोमचा शोध १९७७ साली लागला नव्हता. तो पहिल्या वर्गात होताच. म्हणजे लाकडी फळी ही तंत्रज्ञानाची मर्यादा नव्हती, तो निर्णय होता. आणि निर्णय बदलता येतो हे एका निर्णयाने दाखवून दिले. समाजवादाची चर्चा आपल्याकडे विपुल झाली. त्याचे इंचांत मोजता येईल असे उदाहरण विद्यार्थ्यांना द्यायचे झाले, तर याहून नेमके सापडणे कठीण.

उलटी पावलेही पडली. २००७-०८च्या सुमारास रेल्वेने काही डब्यांत बाजूच्या दोन शायिकांच्या मध्ये तिसरी शायिका घातली. ७२ जणांच्या शयनयानात ८१ जण मावू लागले. मधल्या शायिकेवर पाठ टेकून बसता येत नव्हते. खालच्याला मान ताठ करता येत नव्हती. तक्रारींचा पाऊस पडला आणि २००९ साली ही शायिका काढावी लागली. हे उदाहरण महत्त्वाचे, कारण 'एकदा गेलेली जागा परत येत नाही' हा समज त्याने खोटा ठरवला. रेल्वे सार्वजनिक होती, तिच्या मंत्र्याला संसदेत उभे राहावे लागत होते, म्हणून तक्रारीला पत्ता होता.

राजापूरमधून चार वेळा लोकसभेवर गेलेले सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री होते. त्यांच्या कारकिर्दीत आलेल्या अनारक्षित 'दीनदयाळू' डब्यांत वरच्या सामानाच्या फळ्यांवरही गादी घातली गेली. सामानाच्या फळीला गादी कशासाठी? कारण तेथे सामान नसते, माणसे असतात, हे व्यवस्थेलाही ठाऊक आहे. ही करुणा आहे की शरणागती, हे ठरवणे सोपे नाही. दंडवते यांच्या दोन इंचांनी माणसाची जागा माणसासारखी केली. या गादीने सामानाच्या जागी बसलेला माणूस मान्य केला. पुढे २०२१ साली वातानुकूलित तिसऱ्या श्रेणीचा 'इकॉनॉमी' डबा आला, त्यात ७२ऐवजी ८३ शायिका होत्या. 'इकॉनॉमी' हा शब्द विमानातून उतरून आगगाडीत बसला तो असा.

५

विमानात माणसाआधी सामान बसले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून मुंबईला आले तेव्हा त्या छोट्या विमानात टपालाच्या थैल्या होत्या, उतारू नव्हते. पुढची दोन दशके विमानप्रवास हा मूठभरांचा मामला होता आणि जागेची तक्रार उद्भवत नव्हती. १९५२ साली अटलांटिक महासागरावरील मार्गांवर 'टूरिस्ट' वर्ग आला, १९५८ साली 'इकॉनॉमी' वर्ग. त्या काळी आंतरराष्ट्रीय भाडी कंपन्यांच्या संघटनेत, म्हणजे आयाटात, एकमताने ठरत. भाडे सर्वांचे सारखे, म्हणून सेवाही सारखी हवी, असा दंडक होता. इकॉनॉमी वर्गात दोन रांगांमधील अंतर ३४ इंच आणि जेवणाला साधे, थंड, स्वस्त सँडविच. स्कँडिनेव्हियन कंपनीने आपले उघडे, भरगच्च सँडविच वाढले म्हणून इतरांनी तक्रार केली आणि तिला २०,००० डॉलर दंड झाला. द्यूप्यीचे बिनछपराचे डबे येथे पावाच्या दोन तुकड्यांत पुन्हा अवतरले.

तरीही त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती. ३४ इंच हा आकडा लिहिलेला होता. १९७८ साली अमेरिकेने आपल्या देशांतर्गत विमानसेवेवरील भाडेनियंत्रण उठवले, पुढे इतरत्रही तोच प्रवाह आला. भाड्यात स्पर्धा सुरू झाली आणि अंतर ३४वरून ३१-३२, काही कंपन्यांत २९, २८ असे उतरत गेले.

या अंतराला 'पिच' म्हणतात. एका आसनावरील एका बिंदूपासून मागच्या आसनावरील त्याच बिंदूपर्यंतचे ते अंतर. त्यात आसनाच्या पाठीची जाडीही धरलेली असते, म्हणून पिच म्हणजे पायांची जागा नव्हे. पाठ पातळ केली की पिच कमी करूनही गुडघ्यांना पूर्वीइतकी जागा देता येते, असा कंपन्यांचा दावा असतो, आणि तो काही अंशी खराही आहे. परंतु पातळ पाठीत गादीही पातळ होते. दोन इंच फोमचा इतिहास येथे उलट्या दिशेने वाचावा.

गणित साधे आहे. एअरबस ए-३२० या विमानाची लांबी ३७.५७ मीटर, ती वर्षानुवर्षे तीच आहे. एका रांगेत सहा जण. उदाहरणादाखल, ३० रांगा प्रत्येकी ३० इंचांवर लावल्या तर ९०० इंच लागतात. ३१ रांगा २९ इंचांवर लावल्या तर ८९९. प्रत्येक रांगेतून एक इंच काढला की एक अख्खी रांग, म्हणजे सहा तिकिटे, जन्माला येतात. दोन वर्गांच्या मांडणीत हेच विमान साधारण १५० जणांना नेते. स्वस्त कंपन्यांनी एकाच वर्गात १८० बसवले. पुढे मागील बाजूचे स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृहे आक्रसून १८६. एक इंच कोणालाच जाणवत नाही, म्हणून तो घेता येतो. एका प्रवाशाकडून एक फूट कोणी मागितला असता तर दंगा झाला असता.

सामानाची कथा याला समांतर आहे. २००८ साली अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी पोटात टाकायच्या पहिल्याच बॅगेला पैसे लावायला सुरुवात केली. भारतात २०१३ साली आसननिवडीसारख्या सोयींचे वेगळे पैसे घेण्याची मुभा मिळाली आणि सामानाची मोफत मर्यादाही उतरली. आज देशांतर्गत प्रवासात ती साधारण १५ किलो, आणि हातातील बॅगेला ७ किलो. परिणाम अपेक्षितच होता. पैसे वाचवण्यासाठी माणसे सामान आत घेऊ लागली, डोक्यावरचे कप्पे भरले आणि उरलेली पिशवी पुढच्या आसनाखाली आली. त्या आसनाखाली आधीच त्याचे पाय, रूळ, जीवरक्षक जाकिटाची पिशवी. जेथे पाय जायचे तेथे सामान गेले, आणि सामानाची जागा विकली गेली. एका इंचाची दोनदा विक्री झाली: एकदा रांग वाढवून, एकदा बॅगेचे पैसे लावून. नंतर, ज्याला पाय लांब करायचे असतील त्याला आणीबाणीच्या दाराजवळची रांग जास्त पैशांत देऊ केली गेली. ही तिसरी विक्री.

६

आता प्रतिपक्ष. भारतात ऑगस्ट २००३मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने स्वस्त विमानसेवा सुरू केली, २००६ साली इंडिगो आली, २०१६ साली प्रादेशिक मार्गांसाठी 'उडान' योजना. ९ ऑक्टोबर २०२१ रोजी चिपी येथे सिंधुदुर्गचा विमानतळ सुरू झाला आणि सत्तर आसनांचे एटीआर विमान मुंबईहून उतरले. जानेवारी २०२३पासून मोपाही सुरू झाला. आंबोलीच्या माणसाला आज चिपी, मोपा आणि बेळगावचे सांबरा असे तीन विमानतळ घाटाच्या दोन बाजूंना आहेत. ज्यांच्या आजोबांनी डेकवर वळकटी सोडली, त्यांना आईच्या आजारपणात चार-पाच तासांत घरी पोहोचता येते. या उपलब्धीपुढे तीन इंचांची काय मातब्बरी? जागा प्रशस्त आणि तिकीट महाग, असे विमान कोणाच्या उपयोगाचे?

हा आक्षेप गंभीर आहे आणि तो बाजूला सारून पुढे जाता येणार नाही. स्वस्त तिकिटाने माणसांचा प्रवास खरोखर वाढवला. परंतु या युक्तिवादात एक गृहीत दडलेले आहे: स्वस्ताई आणि सन्मान यांतील एकच मिळू शकते. गीतांजली एक्स्प्रेसने हे गृहीत ४८ वर्षांपूर्वी खोडून काढले होते. शिवाय स्वस्ताईची किंमत कोठे थांबवायची हे बाजार सांगत नाही. २८ इंच चालतात तर २७ का नकोत? कोठेतरी खालची रेषा हवी, आणि ती प्रवाशाच्या पसंतीवर सोडता येत नाही, कारण तिकीट काढताना त्याला भाडे दिसते, इंच दिसत नाहीत.

रेषेचा संबंध सुरक्षिततेशीही आहे. २२ ऑगस्ट १९८५ रोजी मँचेस्टर विमानतळावर धावपट्टीवरच पेटलेल्या विमानात ५५ जण मरण पावले. धुरात, अरुंद वाटांतून त्यांना बाहेर पडता आले नाही. त्यानंतर १९८९ साली ब्रिटनच्या नियामकाने आसनाची पाठ आणि पुढचे आसन यांत किमान २६ इंच अंतर असावे असा नियम केला. अमेरिकेत २०१७ साली प्रवासी संघटनेच्या अर्जावर अपील न्यायालयाने आक्रसणाऱ्या आसनांचा प्रश्न नियामकाने गांभीर्याने तपासावा असे सांगितले, आणि २०१८च्या कायद्याने आसनांची किमान मापे ठरवण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली. नियामकाने विमान ९० सेकंदांत रिकामे होते का याच्या चाचण्या घेतल्या. त्या चाचण्यांत निरोगी प्रौढ स्वयंसेवक होते. गुडघे दुखणारी म्हातारी, कडेवर मूल घेतलेली बाई, कुबडी सावरणारा माणूस या चाचणीत नव्हता; विमानात तो असतो.

७

साहित्याच्या अभ्यासकाला या साऱ्यात काय करायचे आहे? एक तर भाषेकडे पाहायचे आहे. 'इकॉनॉमी' या शब्दाच्या मुळाशी ग्रीक भाषेतील घर आहे. घराची व्यवस्था, हा त्याचा पहिला अर्थ. घराची व्यवस्था म्हणजे सगळ्यांना पुरवून वाटणे. आपली जुनी कोकणी घरे या बाबतीत आदर्श होती असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. तेथे ओटी कोणाची, पडवी कोणाची आणि अंगणाबाहेर कोणी थांबायचे हे जातीने ठरलेले होते. आगगाडीच्या बाकाने आणि एस.टी.च्या सीटने ही वाटणी मोडायला मदत केली. ज्यांनी एकमेकांची सावली टाळली त्यांचे खांदे गर्दीने एकमेकांना लावले. गर्दीचे हे ऋण मान्य केले पाहिजे.

म्हणूनच बाक आणि खुर्ची यांतील फरक लक्षात घ्यावासा वाटतो. बाकावर जागा कमी पडली की 'जरा सरकून घ्या' असे म्हणता येते. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट याच वाक्याने निर्माण होते. सरकणारा कुरकुरतो, पण सरकतो. टंचाई दोघांच्या समोर असते आणि तिची वाटणी बोलून होते. विमानातील खुर्ची हातांनी वेगळी केलेली, रुळाला खिळवलेली. तेथे 'सरकून घ्या' हे वाक्य निरर्थक आहे. टंचाई तेथे आधीच, कोठल्यातरी कार्यालयात, वाटून झालेली असते. मग उरते ते पुढच्या माणसाने पाठ मागे केली म्हणून मागच्याने चिडणे. २०१४ साली अमेरिकेत पुढची पाठ मागे येऊ नये म्हणून गुडघ्यांशी लावायच्या एका उपकरणावरून दोन प्रवाशांत भांडण झाले आणि विमान मध्येच उतरवावे लागले. दोघांनी एकमेकांना दोष दिला. ज्याने दोघांमधला इंच काढून घेतला तो त्या भांडणात कोठेच नव्हता.

गांधींनी २२ आणि ३५ लिहून ठेवले म्हणून १९१७च्या डब्यातील अन्याय आजही वाचता येतो. आज तो डब्याच्या पाटीवर लिहिलेला नाही. पाटीवर १८६ आहे आणि आत बरोबर १८६ बसलेले आहेत. गर्दी झाली असे कोणी म्हणू शकत नाही, कारण गर्दीच आता नियमात बसवली आहे. अशा काळात मोजमाप करणाऱ्या गद्याची गरज वाढते: आसनाचे, आसनाखालच्या पोकळीचे, भाड्याचे आणि भाड्यातून वगळलेल्या गोष्टींचे. ती नोंद तिकीट विकणारा करणार नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या आणि शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनीच खिशात एक मोजपट्टी ठेवायला हरकत नाही.